इमल्शन ओव्हनमध्ये परत फुटलं? स्पॅन वाढवण्याआधी घड्याळ बघा

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला फोनवर एक फोटो आला. ५० मिलीची प्लास्टिकची नळी. तळाशी दोन बोटं स्वच्छ पाणी, मधे पांढरं भुसभुशीत काहीतरी आणि सगळ्यात वर पिवळट तेलाची एक पातळ कड. खाली एकच ओळ: "मॅडम, परत फुटलं."

पाठवणारा मुलगा कराडला एम.एस्सी. करतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा धाकटा भाऊ. मी सांगलीत, विश्रामबागेत राहते आणि बरीच वर्षं मुलांच्या प्रकल्पांमधून हेच पॉलीहाइप नावाचे सच्छिद्र ठोकळे करत आलेय. त्यामुळे हा फोटो मला नवा नाही. माझ्या फोनमध्ये असे तीसेक फोटो असतील, आणि गंमत म्हणजे सगळे सारखेच दिसतात. तळाशी पाणी, मधे चोथा, वर तेल. कारणं मात्र दर वेळी निराळी निघाली. त्याला जे लिहून पाठवलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोनोमरच्या, म्हणजे ज्याचे रेणू जोडून प्लास्टिक होतं त्या द्रवाच्या, तेलात पाण्याचे बारीक थेंब कोंबायचे (हेच इमल्शन), इतके की एकूण आकारमानात ७४ टक्क्यांहून जास्त पाणीच असेल. मग तेल कडक करायचं आणि पाणी काढून टाकायचं. थेंब होते तिथे पोकळ्या राहतात, हाताला जवळजवळ वजनच लागत नाही असा पांढरा सच्छिद्र ठोकळा मिळतो. ७४ हा आकडा संत्र्यांच्या ढिगातून आलाय. एका मापाचे गोळे कितीही दाटीने रचले तरी ७४.०५ टक्क्यांहून जास्त जागा भरत नाही, हा केप्लरचा १६११ सालचा अंदाज. त्याच्या पुढे पाणी घातलं की थेंब गोल राहत नाहीत, एकमेकांना दाबून चपटे होतात आणि मधे तेलाचा नुसता पापुद्रा उरतो. युनिलिव्हरच्या बार्बी आणि हक यांनी १९८२ मध्ये याचं पेटंट केलं, पॉलीहाइप हे नाव तिथूनच रूढ झालं.

आमची कृती नेहमीचीच. ८ मिली स्टायरीन, २ मिली डीव्हीबी म्हणजे डायव्हिनायलबेन्झीन, २ ग्रॅम स्पॅन ८० (थेंब एकमेकांत मिसळू न देणारा सर्फेक्टंट). दुसऱ्या भांड्यात ९० मिली ऊर्ध्वपातित पाणी, त्यात १ ग्रॅम कॅल्शियम क्लोराईड आणि ०.२ ग्रॅम पोटॅशियम परसल्फेट (तापल्यावर मोनोमर जोडायला सुरुवात करून देणारं, आमचं विरजणच). तेल ढवळत ठेवायचं, पाणी थेंबथेंब सोडायचं. शेवटी श्रीखंडाइतकं घट्ट पांढरं इमल्शन होतं, भांडं उपडं केलं तरी पडत नाही. ते नळीत भरून, घट्ट झाकून ६० अंशांना २४ तास. (अहवालात मुलं "९० टक्के पाणी" लिहितात. स्पॅन धरला तर ते ८८ भरतं. परीक्षक विचारतात, म्हणून सांगितलं.)

आता मुद्दा. असं इमल्शन कधीच कायमचं टिकाऊ नसतं. ते केल्या क्षणापासून फुटायच्या वाटेवर असतं, प्रश्न फक्त किती वेळात एवढाच. दूध आणि विरजणाचं बघा. उन्हाळ्यात दूध नासायच्या आत दही लागलं पाहिजे. विरजण मेलेलं असेल तर दूध चांगलं असूनही नासतं, आणि दूधच आंबायला आलेलं असेल तर विरजण कितीही चांगलं असो, उपयोग नाही. सकाळी भांड्यात दिसतं ते दोन्ही वेळा सारखंच. आमच्या नळीतही अशीच शर्यत असते: एकीकडे थेंब एकमेकांत मिसळायला निघालेले, दुसरीकडे मोनोमरचं जाळं विणलं जातंय. जाळं पक्कं होण्याच्या क्षणाला जेल पॉइंट म्हणतात. तिथपर्यंत इमल्शन टिकलं की जिंकलो, नंतर ते फुटूच शकत नाही.

म्हणून फुटलेली नळी हातात आली की पहिला प्रश्न हा: इमल्शन लवकर फुटलं, की जेल उशिरा झालं? याचं उत्तर नसताना कृतीत काहीही बदलणं म्हणजे अंधारात दगड मारणं. मी स्वतः एक अख्खं वर्ष असे दगड मारलेत.

स्पॅन वाढवत बसण्याचं वर्ष

त्या वर्षी दोन मुली या प्रकल्पावर होत्या. पाण्यावरचं तेल टिपणारा स्पंज करायचा होता. दहापैकी सात नळ्या फुटायच्या. मी सांगितलं, स्पॅन वाढवा. तेलाच्या २० टक्क्यांवरून २५ केला, मग ३०, मग ३५. आणि यातली फसवी गोष्ट अशी की दर वेळी थोडी सुधारणा दिसायची. नळी तासभर जास्त टिकायची. त्यामुळे आम्हाला वाटत राहिलं की वाट बरोबर आहे, अजून थोडं पुढे जायचंय. शेवटी ३५ टक्क्यांना एक ठोकळा मिळाला, पण तो खडूसारखा. बोटाने दाबला की पीठ.

उलगडा झाला तो एका साध्या गोष्टीने, जी मी आता प्रत्येकाला आधी करायला लावते. एकाच घाण्यातलं इमल्शन दोन नळ्यांत ठेवायचं, पण एका नळीत परसल्फेट घातलेलं आणि दुसरीत न घातलेलं. (म्हणजे खरं तर दोन छोटे घाणे, बाकी सगळं तंतोतंत सारखं.) दोन्ही ६० अंशांच्या वॉटर बाथमध्ये, आणि दर अर्ध्या तासाने नोंद. आमच्या दोन्ही नळ्या सहाव्या-सातव्या तासाला फुटल्या. जवळजवळ बरोबरीने.

म्हणजे परसल्फेट असून नसल्यासारखं. सहा तास तग धरणारं इमल्शन काही वाईट नव्हे, आमचं विरजणच मेलेलं होतं.

मारेकरी बाटलीतच होता. स्टायरीन आणि डीव्हीबी साठवणीत आपोआप पॉलिमर होऊ नयेत म्हणून त्यांत टर्शरी ब्युटिल कॅटेकॉल नावाचं रोधक घालतात. मुलींनी ते काढलं होतं, पण फक्त स्टायरीनमधून. डीव्हीबी "थोडंसंच तर आहे" म्हणून तसंच वापरलं. मी लेबल वाचायला लावलं. स्टायरीनमध्ये रोधक होतं दहा लाखांत १२ भाग आणि डीव्हीबीत १,०००. फळ्यावर गणित मांडलं: ८ मिली स्टायरीनमध्ये मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, २ मिली डीव्हीबीत जवळपास पावणेदोन मिलिग्रॅम. जे काढत होतो त्याच्या वीसपट तसंच आत जात होतं. एक मुलगी फळ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, म्हणजे आपण उंदराला दार लावलं आणि बोक्याला घरात घेतलं."

उपाय सोपा. काचेच्या बारीक नळीत खाली कापसाचा बोळा, वर बेसिक ॲल्युमिना, आणि दोन्ही मोनोमर त्यातून गाळायचे. वरचा थर पिवळा-तपकिरी होत जातो, रोधक अडकतंय हे डोळ्यांना दिसतं. तपकिरी पट्टा खालपर्यंत आला की ॲल्युमिना बदला. काही जण कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने धुतात, तेही चालतं, पण मग पाण्याने नीट धुऊन सोडियम सल्फेटवर कोरडं करावं लागतं आणि मुलं नेमकी तीच पायरी गाळतात. रोधक काढलेला मोनोमर त्याच दिवशी वापरायचा. उरला तर फ्रिजमध्ये, तोही एखाद-दोन दिवसच. सांगलीच्या एप्रिलमध्ये तो टेबलावर राहिला तर बाटलीतच पाकासारखा घट्ट व्हायला लागतो.

आणखी एक. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजनही असाच आडवा येतो. पाण्यातून दहा-पंधरा मिनिटं नायट्रोजन सोडला तर जेल लवकर येतं. नायट्रोजनचा सिलिंडर नसेल तर पाणी उकळून, झाकण लावून गार करा. तेवढं पुष्कळ झालं.

ॲल्युमिना आल्यावर, स्पॅन परत २० टक्क्यांवर आणूनही, चौथ्या तासाच्या आसपास नळीत दही लागल्यासारखं व्हायला लागलं. त्या वर्षीचा अहवाल वेळेत गेला.

जुलैमध्ये परत

पुढच्या पावसाळ्यात तीच कृती, तेच ॲल्युमिना, आणि परत तळाशी पाणी. मी आधीच्या वर्षीच्या अनुभवावर विसंबून रोधकाच्याच मागे लागले. आठ दिवस त्यात गेले. मग स्वतःचाच नियम आठवला आणि दोन नळ्या लावल्या. या वेळी बिनपरसल्फेटची नळी तासाच्या आत फुटली. इतकंच नाही, टेबलावर रात्रभर ठेवलेल्या इमल्शनमध्येही सकाळी डोळ्यांना दिसतील एवढे थेंब झाले होते. म्हणजे विरजण नव्हे, दूधच नासकं.

काय बदललं होतं? मुलं म्हणाली, काहीच नाही. कारण आमच्या लॅबमधल्या मामांनी दाखवलं. ते कपाट आवरत होते. म्हणाले, "मॅडम, ह्या बाटलीला पाणी सुटलंय बघा, गुळाच्या ढेपेला सुटतंय तसं."

कॅल्शियम क्लोराईड. हवेतली ओल ओढून घेणं हा त्याचा धर्मच, ओल टिपायला ते त्यासाठीच वापरतात. जुलैत सतत पाऊस, बाटलीचं झाकण सैल, आणि आत ओला गोळा. मुलं त्या गोळ्यातून इमानेइतबारे १ ग्रॅम मोजून घेत होती. त्यात मीठ किती आणि पाणी किती, देव जाणे. कोरड्या बाटलीतही हा घोटाळा असतो. दोन रेणू पाणी असलेल्या प्रकारात १ ग्रॅममध्ये खरं कॅल्शियम क्लोराईड ०.७५ ग्रॅम, सहा रेणूवाल्यात ०.५१. लेबल न वाचता बाटली बदलली तर क्षार एका झटक्यात तिसऱ्या हिश्शाने कमी.

पण चिमूटभर क्षाराने असा काय फरक पडतो? बराच पडतो. तेलाच्या पापुद्र्यातून पाणी हळूहळू छोट्या थेंबातून मोठ्या थेंबाकडे पाझरत असतं. छोटे नाहीसे होतात, मोठे फुगतात. याला ओस्टवाल्ड पक्वन म्हणतात. क्षार पाण्याबरोबर तेलातून पलीकडे जाऊ शकत नाही. त्यामुळे छोट्या थेंबातून पाणी निघू लागलं की मागे क्षार दाट होत जातो आणि तोच उरलेल्या पाण्याला धरून ठेवतो. क्षार नसेल तर धरणारं कोणी नाही.

आता आम्ही मार्च-एप्रिलमध्ये, हवा कोरडी असताना, नवी बाटली फोडून १ टक्क्याचं दोन लिटर द्रावण करून ठेवतो. वर्षभर तेच. परसल्फेट मात्र दर वेळी ताजं विरघळवायचं, ते पाण्यात पडून राहिलं की हळूहळू वाया जातं. अगदीच अडलं तर साधं सोडियम क्लोराईडही चालतं. शेवटी क्षार हवाय, अमुकच हवा असं नाही.

मागच्या रांगेतल्या नळ्या

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो आणि सगळ्यात कमी ओळखला जातो. ओव्हनमध्ये सहा नळ्या, एकाच घाण्यातल्या. चार उत्तम, दोन फुटलेल्या. मुलांचा निष्कर्ष: "मॅडम, नशीब." अहो, एकाच पातेल्यातलं दूध सहा वाट्यांत लावलं आणि दोनच नासल्या, तर दोष दुधाचा नाही, वाट्या कुठे ठेवल्या त्याचा आहे.

फुटलेल्या दोन्ही नळ्या मागच्या रांगेतल्या होत्या. मी सहा बाटल्यांत पाणी भरून प्रत्येकीत थर्मामीटर लावला, ओव्हन ६० वर ठेवला आणि दोन तासांनी वाचलं. पुढे ५९, मधे ६२, मागे हीटरजवळ ७१. डायल म्हणत होती ६०. स्पॅनवर उभं असलेलं इमल्शन तापमान चढलं की पटकन ढिलं होतं. ७० ला जेलही लवकर येतं हे खरं, पण आमच्याकडे शर्यत तिथे इमल्शनच हरत होतं. थर्मामीटर हवेत टांगून उपयोग नाही, तो नळीएवढ्याच पाण्यात बुडलेला हवा.

आणि मग लाईट. मामांकडूनच कळलं, "रात्री दोनदा गेलती." ओव्हन बंद पडला की आतली हवा झटकन गार होते, लाईट आली की हीटर पूर्ण जोराने पेटतो आणि ६० पार करून वर जातो. जेल झालेलं असेल तर या खेळाने काही बिघडत नाही. अडचण पहिल्या पाच-सहा तासांचीच. म्हणून संध्याकाळी पाचला नळ्या ओव्हनमध्ये ठेवून घरी जायची पद्धत मी बंद केली. इमल्शन सकाळी करायचं, दहापर्यंत ताप द्यायला सुरुवात, दुपारी चारपर्यंत डोळ्यांसमोर. त्यानंतर रात्री लाईट गेली तर जाऊ दे. शक्य असेल तर ओव्हनपेक्षा वॉटर बाथ घ्या, वर थर्माकोलचं झाकण. एवढं पाणी अर्धा तास तरी ऊब धरून ठेवतं.

जेल झालं का हे बघायला एक नळी बळी द्यायची. दर तासाने तिच्यात लांब सुई खुपसायची, ढोकळ्यात सुरी घालून बघतात तशी. सुई काढल्यावर भोक तसंच राहिलं की जेल झालं. भोक मिटलं तर अजून वेळ आहे. बाकीच्या नळ्यांना हात लावू नका. विरजण लावलेलं भांडं कोणी हलवून बघत नाही.

ओव्हनपर्यंत पोचतच नसेल तर

काहींचं पाणी घालतानाच बिनसतं. हे लवकर आटपते, कारण कारणं दोन-तीनच आहेत.

इमल्शन घट्ट होण्याऐवजी दुधासारखं पातळ झालं, तर ते उलटलंय. पाण्यात तेल झालंय, तेलात पाणी नव्हे. खात्री करायला एक थेंब ग्लासभर पाण्यात टाका. लोण्याच्या गोळीसारखा अखंड राहिला तर ठीक, ताकासारखा पसरला तर उलटलं. घरी लोणी काढताना आपण हेच करतो, फक्त उलट दिशेने. सायीत तेल पाण्यात असतं, घुसळून घुसळून पाणी तेलात जातं. ते व्हायला गारवा लागतो, म्हणून उन्हाळ्यात आई ताकात बर्फाचं पाणी घालते. प्रयोगशाळेत उलटण्याची कारणं म्हणजे सुरुवातीलाच धबाधबा ओतलेलं पाणी, नाहीतर चुकीची बाटली. हसू नका. स्पॅन ८० आणि ट्वीन ८०, दोन्ही पिवळी, दोन्ही चिकट, दोन्हींवर ८०. स्पॅनचा एचएलबी (सर्फेक्टंटला पाण्याची किती ओढ, ते सांगणारा आकडा) ४.३, त्याला तेल आवडतं. ट्वीनचा १५, त्याला पाणी. माझ्याकडे एका मुलाने पंधरा दिवस ट्वीन वापरलं आणि प्रत्येक वेळी मोठ्या निष्ठेने "इमल्शन पातळ" अशी नोंद केली. बॅंक्रॉफ्टचा नियम तोंडपाठ होता त्याला! सर्फेक्टंट ज्यात जास्त विरघळतो ते बाहेर राहतं, हे त्याने तोंडी परीक्षेत न अडखळता सांगितलं.

दुसरं, ढवळणं. ९० मिली पाण्याच्या हिशेबाने मुलं २५० मिलीचं भांडं घेतात, पण सुरुवातीला आत असतं फक्त १२ मिली तेल. पातं तेलाला टेकतच नाही. ते तळाला जवळजवळ घासून फिरलं पाहिजे. आम्ही गोल बुडाच्या भांड्याच्या वळणाला बसणारं टेफ्लॉनचं अर्धवर्तुळाकार पातं वापरतो, मिनिटाला ३०० फेरे. चुंबकाच्या गोळीवर विसंबू नका. पाऊण भाग पाणी गेल्यावर ती तळाशी गरगर फिरत राहते आणि वरचं इमल्शन ढिम्म हलत नाही, नवं पाणी वर तळं करून बसतं. सगळं पाणी घालून झाल्यावर आणखी दहा मिनिटं ढवळा. एकसारखं करण्यासाठी ती दहा मिनिटं फार कामाची.

फुटलेल्या नळीत कुठला थर आधी दिसला हेही लिहून ठेवा. पाणी जड, तेल हलकं. वर फक्त तेल सुटलं आणि खाली पाणी नाही, तर थेंब शाबूत आहेत, नुसते खाली बसलेत. थेंब मोठे राहिलेत, ढवळणं कमी पडलंय. तळाशी मोकळं पाणी आलं तर थेंबच एकमेकांत मिसळलेत. तिथे सर्फेक्टंट, क्षार नाहीतर ताप यांच्याकडे बघायचं. माझ्या तीस फोटोंत दोन्ही थर दिसतात, कारण ते सगळे सकाळी काढलेले. नेमकी जी गोष्ट कळायला हवी होती ती रात्रीतच होऊन गेलेली असते.

भांड्याबद्दलही सांगते, कारण एकदा अक्षरशः टेबलावर ओघळ आले होते. नळी पॉलिप्रोपिलीनची घ्या. स्वस्तातल्या पारदर्शक डब्या बऱ्याचदा पॉलिस्टायरीनच्या असतात. आपण त्यात स्टायरीन भरतो, आणि स्टायरीन स्वतःच्या पॉलिमरला आनंदाने विरघळवतं.

कडक झालं, पण तेल पीत नाही

हा खरं तर वेगळा प्रश्न, पण फुटण्याला घाबरून लोक जे करतात त्यातूनच तो येतो, म्हणून दोन शब्द. पोकळ्यांच्या मधल्या पापुद्र्यात खिडक्या पडल्या तरच आतलं पाणी बाहेर येतं आणि तेल आत जातं. या खिडक्या जेल पॉइंटच्या आसपास पडतात, असं कॅमरन आणि शेरिंग्टन यांच्या गटाने १९९६ मध्ये गोठवलेल्या नमुन्यांवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवलं. मोनोमरचा पॉलिमर होताना तो आक्रसतो आणि पापुद्रा जिथे सर्वांत पातळ तिथे उघडतो. स्पॅन फार कमी, तेलाच्या पाच-सात टक्क्यांवर आला, तर पापुद्रे जाड राहतात आणि पोकळ्या बंद. पैसे वाचवायला म्हणून स्पॅन कमी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. परीक्षा वजनाने करा. ठोकळा वाळवूनही ओल्या वजनाच्या जेमतेम आठव्या हिश्शापर्यंत उतरत नसेल, तर पाणी आत कोंडलंय. त्याआधी बाहेरची गुळगुळीत साल ब्लेडने काढून टाका. नळीला टेकलेल्या भागावर ती जवळजवळ नेहमी येते आणि आतलं सगळं चांगलं असूनही दार बंद ठेवते.

धुण्याबाबत एक सावधगिरी. स्पॅन काढायला आम्ही सॉक्सलेटमध्ये (द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून धुणाऱ्या उपकरणात) इथेनॉल चालवतो. त्याचा दुसरा फायदा असा की पाण्याचा पृष्ठताण ७२ आणि इथेनॉलचा २२. त्यामुळे वाळताना पोकळ्यांच्या भिंती आत ओढल्या जात नाहीत. पण इथेनॉलने निथळणारा ठोकळा थेट गरम ओव्हनमध्ये ठेवू नका. आधी रात्रभर फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात, उडू द्या. त्या ओव्हनमध्ये ठिणगी पडायला थर्मोस्टॅटचा एक खटका पुरे.

कराडचा मुलगा

त्याला मी एवढंच सांगितलं: दोन नळ्या लाव, एक बिनपरसल्फेटची, आणि दर अर्ध्या तासाने फोटो पाठव. दुसऱ्या दिवशी माझा फोन पांढऱ्या नळ्यांनी भरून गेला. टेबलावरची तिसरी नळी (ही त्याने स्वतःच्या डोक्याने लावली, शाबास) संध्याकाळपर्यंत जशीच्या तशी. ओव्हनमधल्या दोन्ही चाळीस मिनिटांत पाण्यावर. म्हणजे इमल्शन चांगलं, क्षार ठीक, रोधकापर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. मी म्हटलं, ओव्हनमध्ये बाटलीभर पाणी ठेव आणि त्यात थर्मामीटर बुडव. डायल ६०, पाणी ७६.

आता तो डायल ४५ वर ठेवतो. परवा पहिला अखंड ठोकळा निघाला, आणि रात्री परत साडेदहाला फोटो. या वेळी वाडग्यात पाणी आणि वर तरंगणारा पांढरा तुकडा. "मॅडम, एक तास झाला, बुडतच नाही. पोकळ्या बंद राहिल्या का?"

नाही रे. स्टायरीनचा आहे तो, पाणी पिणारच नाही. आईकडून चमचाभर शेंगतेल घे आणि त्याच पाण्यावर टाक.